एलएमएसचं २-६-२ टँक इंजिन: आकडे तर ठीक दिसतात, मग सगळे नावं का ठेवतात?

मुलुंडचा_मॉडेलवाला

मंडळी, स्टीमवाल्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबलाय पण वाचा.

घरी ओओ गेजचा (मॉडेल रेल्वेचं एक माप) छोटा लेआउट आहे (पलंगाखाली सरकवता येतो असा, मुंबईत अजून काय होणार). तीसच्या दशकातला लंडनचा सबर्बन सेक्शन करतोय. त्यासाठी एका गृहस्थांकडून सेकंडहँड इंजिन घेतलं, एलएमएसचं (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश, जुनी ब्रिटिश रेल्वे कंपनी) २-६-२ टँक (पुढे २, मध्ये ओढणारी ६, मागे २ चाकं; पाणी-कोळसा इंजिनावरच), कुणीतरी ब्रासच्या किटमधून हाताने बनवलेलं, काम एकदम सुबक. नंबर ३० टाकलाय, बॉयलर सरळसोट पाइपासारखा, वर डोम, आणि स्मोकबॉक्सपासून (बॉयलरच्या पुढचा, धुराड्याखालचा भाग) बाजूच्या पाण्याच्या टाकीपर्यंत दोन्हीकडून जाड जाड पाइप गेलेत.

आता इंजिन घेतलं म्हणून त्याची माहिती काढायला बसलो तर जिकडे बघावं तिकडे शिव्या. एलएमएसचा मुख्य इंजिनिअर हेन्री फाउलर, त्याच्या काळातलं, १९३० ते ३२ मध्ये डर्बीला ७० बांधली, आणि म्हणे अगदीच रडकी निघाली. वर नंतरचा मुख्य इंजिनिअर स्टॅनिअर, त्याने येऊन १९३५ ते ३८ मध्ये त्याच धर्तीवर अजून १३९ बांधली आणि तीपण काही खास नाहीत म्हणतात. म्हणजे एकूण २०९ इंजिनं!

माझं डोकं इथे अडकलंय की आकडे बघितले तर वाईट काय आहे तेच दिसत नाही. सिलिंडर साडेसतरा बाय २६ इंच, चाक ५ फूट ३ इंच, प्रेशर २००, ट्रॅक्टिव्ह एफर्ट (ओढायचा जोर) २१,४८६ पाउंड. आणि नंतर ब्रिटिश रेल्वेने १९५२ पासून स्विंडनला जी ८२००० क्लासची २-६-२ टँक काढली, तिचं सिलिंडर तेच, चाक तेच, प्रेशर तेच, एफर्टसुद्धा तोच. त्या इंजिनाला मात्र सगळे चांगलं म्हणतात. मग फरक कशात आहे? की एकाने नावं ठेवली म्हणून बाकीचे ठेवत सुटलेत?

---

चाळकरी_२२

पलंगाखाली लंडन 😂 भावा तू ग्रेट आहेस

---

परळ_लोको

प्रश्न चांगला विचारलास. उगाच नावं ठेवलेली नाहीत, इंजिन खरंच कमजोर होतं. तू जो आकडा धरून बसलायस त्या आकड्यात कमजोरी दिसतच नाही एवढंच.

ट्रॅक्टिव्ह एफर्ट काढतात कसा ते बघ. सिलिंडरचा व्यास गुणिले परत तोच व्यास, गुणिले स्ट्रोक, गुणिले बॉयलर प्रेशरचे ८५ टक्के, आणि खाली चाकाचा व्यास. १७.५ गुणिले १७.५ गुणिले २६ गुणिले १७०, भागिले ६३. कॅल्क्युलेटरवर मार, २१,४८६ येईल. आता यात बॉयलरबद्दल काय आहे सांग. फक्त प्रेशर. बॉयलर केवढा, फायरबॉक्समधल्या ज्या जाळीवर कोळसा जळतो ती केवढी, वाफ किती सुपरहीट होते (बॉयलरमधून निघाल्यावर अजून किती तापवली जाते), यातलं काहीही त्या हिशोबात येत नाही. उद्या तुझ्या इंजिनावर चहाच्या किटलीएवढा बॉयलर बसवला आणि त्यात २०० चं प्रेशर केलं तरी उत्तर २१,४८६ च येणार. हा आकडा इंजिन उभ्या जागेवरून गाडी हलवताना किती जोर लावेल तेवढं सांगतो. तो जोर किती वेळ टिकेल हे सांगत नाही.

आता गाडी सुटली, स्पीड धरला, समज ताशी ४० मैल. ५ फूट ३ इंचाचं चाक त्या स्पीडला मिनिटाला साधारण २१३ वेळा फिरतं. चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर दोनदा वाफ घेतो, पुढून एकदा मागून एकदा, दोन सिलिंडर म्हणजे चारदा. म्हणजे मिनिटाला साडेआठशे वेळा बॉयलरकडे वाफ मागितली जाते. ड्रायव्हर कटऑफ (सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची ते) कमी करून प्रत्येक वेळची मागणी कमी करू शकतो, पण शेवटी वाफ तयार व्हायला हवी ना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

फाउलरच्या २-६-२ ची जाळी १७.५ स्क्वेअर फुटांची. ८२००० ची २०.३५, आणि तिचा बॉयलर ग्रेट वेस्टर्नच्या मोठ्या २-६-२ टँकच्या बॉयलरवरून घेतलेला, म्हणजे आधीच वर्षानुवर्षं वापरून पारखलेला. सिलिंडर तेच राहिले तरी मागचा पुरवठा वाढला.

उलट्या बाजूनेही बघ. १९४६ ला एलएमएसच्याच आयव्हॅटने अजून छोटं २-६-२ टँक काढलं, क्लास २ (ताकदीचा वर्ग). त्याची जाळीपण साडेसतराच! पण त्याने सिलिंडर ठेवले १६ बाय २४. एफर्ट भरतो १७,४१० च्या आसपास, म्हणजे फाउलरपेक्षा चार हजाराने कमी, कागदावर बिचारं. पण बॉयलर जेवढं देऊ शकतो तेवढंच सिलिंडर मागतात, त्यामुळे ते इंजिन कधी धापा टाकत नाही. १३० बांधली आणि लोक खूश होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. फाउलरच्या इंजिनाला तोंड मोठं दिलं आणि पोट लहान.

---

चाळकरी_२२

साडेसतरा स्क्वेअर फूट?? आमच्या मोरीपेक्षा मोठं आहे की, कार्पेट का बिल्टअप

---

मुलुंडचा_मॉडेलवाला

परळ काका, एक नंबर समजावलंत. पण एक विचारतो, वाफ कमी पडते म्हणजे नक्की होतं काय? गाडी बंद पडते का? आणि डर्बीवाल्यांना हे माहीत नव्हतं असं कसं होईल, एवढी जुनी वर्कशॉप ती.

---

परळ_लोको

बंद नाही पडत, तेच तर दुखणं आहे. बंद पडलं असतं तर लगेच बदललं असतं. हे रडतखडत जातं आणि रोज पाच मिनिटं लेट होतं.

वडील मनमाडला फायरमन होते, डब्ल्यूजीवर, म्हणजे केवढं तरी मोठं इंजिन, पण फुटप्लेटवरची गोष्ट सगळीकडे तीच असते म्हणून सांगतो. फायरमनच्या डोळ्यासमोर दोन गोष्टी, प्रेशरचा काटा आणि पाण्याची काच. वाफ खर्च होत असते तसं बॉयलरमधलं पाणी उतरतं, मग इंजेक्टर लावून पाणी भरायचं. पण भरायचं ते पाणी गारच असतं त्या मानाने, ते आत गेलं की काटा अजून खाली येतो. कमजोर बॉयलरवर असा पेच पडतो की काटा धरावा तर पाणी जातं आणि पाणी भरावं तर काटा जातो. मग फायरमन काय करतो, चढावर इंजेक्टर बंद ठेवतो, काचेत पाणी उतरू देतो, काटा कसाबसा राखतो आणि पुढच्या स्टेशनवर रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) बंद झाला की त्या अर्ध्याएक मिनिटात घाईघाईने पाणी भरून घेतो. उसनवारीच ती. एक्स्प्रेसला मध्ये कुठे मोकळा उतार मिळाला तर उसनं फिटतं. सबर्बनला दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, परत स्टार्ट, परत फुल रेग्युलेटर. स्टार्टला ट्रॅक्टिव्ह एफर्ट आहेच, त्यामुळे गाडी निघते झोकात, आणि मग ताशी ३० च्या पुढे पळायची वेळ आली की दम संपतो.

वडील म्हणायचे, वाईट इंजिन यार्डात ओळखू येत नाही, टाइमटेबलवर ओळखू येतं.

डर्बीवाल्यांना माहीत होतं का? जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच. त्यांच्याकडेच, त्याच फाउलरच्या सहीचं, १९२७ चं २-६-४ टँक होतं. १२५ बांधली, आणि काय इंजिन होतं ते! लाँग ट्रॅव्हल व्हॉल्व (वाफेला मोकळी वाट देणारे), मोठा बॉयलर, पॅसेंजर गाडी घेऊन अशी पळायची की भल्याभल्या टेंडर इंजिनांना (पाणी-कोळशाचा वेगळा डबा मागे ओढणाऱ्या) लाज वाटावी. त्याचा एफर्ट किती? २३,१२५. तुझ्यापेक्षा फक्त सात-आठ टक्के जास्त. पण जाळी २५ स्क्वेअर फूट, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर जास्त. एकाच ऑफिसातून तीन वर्षांच्या अंतराने निघालेली ही दोन इंजिनं. पहिलं बघून दुसरं असं काढणं याला मी तरी अज्ञान म्हणणार नाही. छोट्या लायनींसाठी स्वस्तातलं, हलकं काहीतरी हवं होतं, बॉयलरमध्ये वजन वाचवलं आणि सिलिंडर मात्र क्लास ३ म्हणवून घेता येईल एवढे ठेवले.

---

घाटावरचा_बँकर

(आधीच सांगतो, बँकेत नाही मी. कर्जतला राहतो, घाटात मागून ढकलतं ते बँकर.)

परळ साहेबांशी सहमत, फक्त एक भर घालतो. डर्बीची जुनी मिडलँड रेल्वे होती तिची सवयच छोट्या इंजिनांची. छोटं इंजिन, हलकी गाडी, वारंवार सर्व्हिस, आणि गाडी जड झालीच तर दोन इंजिनं लावा. १९२३ ला एलएमएस झाली तेव्हा त्यात लँकेशायर अँड यॉर्कशायर होती, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न होती, स्कॉटलंडच्या कंपन्या होत्या, पण ड्रॉइंग ऑफिसात चाललं डर्बीचं. त्यांची गॅरट इंजिनं (एका बॉयलरखाली चाकांचे दोन संच) बघा, ३३ घेतली बेयर पीकॉककडून. बेयर पीकॉक म्हणजे गॅरटमधला बाप, आपल्या बंगाल नागपूर रेल्वेला त्यांनीच एकसे एक गॅरट दिली. पण डर्बीने हट्ट धरला की अ‍ॅक्सलबॉक्स (चाकांच्या आसाची बेअरिंगं) आमच्या पद्धतीचेच लावायचे, तेच छोट्या मालगाडीच्या इंजिनाचे. झालं, बेअरिंगं तापायला लागली आणि एवढं मोठं इंजिन त्यापायी बदनाम झालं.

आता स्टॅनिअरचं. १९३२ च्या जानेवारीत तो स्विंडनहून (ग्रेट वेस्टर्नचं वर्कशॉप) आला, बाहेरचा माणूस, मुद्दाम आणलेला, जुन्या कंपन्यांचं हे भांडण मिटवायलाच. माणूस हुशार, ब्लॅक फाइव्ह हे गाजलेलं इंजिन त्याचंच. पण येताना स्विंडनच्या सवयी घेऊन आला. तिकडे बॉयलर निमुळता, डोम नाही आणि सुपरहीट अगदी कमी. तिकडे ते जमायचं कारण बॉयलर ऐसपैस, कोळसा वेल्सचा उत्तम. एलएमएसवर तेच लावलं तर सुरुवातीची इंजिनं वाफेला तंग निघाली. १९३४ च्या ज्युबिली क्लासच्या एक्स्प्रेस इंजिनांना पण हाच त्रास झाला, मग सुपरहीटर वाढवून वगैरे त्या सुधारल्या.

२-६-२ टँकवर मात्र दोन्ही दुखणी एकत्र आली. डर्बीची छोटी जाळी आणि स्विंडनचा कमी सुपरहीट. नंतरच्या लॉटमध्ये डोम आला, सुपरहीट वाढला, जाळी पण थोडी वाढली, काहींना तर पुढे मोठा बॉयलर बसवून बघितला. पण फ्रेम आणि वजनाची मर्यादा आधीच ठरलेली, त्यात किती वाढवणार.

आणि गंमत म्हणजे हाच स्टॅनिअर त्याच काळात २-६-४ टँक काढत होता. आधी टिलबरी लायनीसाठी तीन सिलिंडरची ३७, मग दोन सिलिंडरची २०६. कामाच्या गाड्या सगळ्या त्यांनी ओढल्या, पुढे फेअरबर्नने तेच चालू ठेवलं, ब्रिटिश रेल्वेचं ८०००० पण त्याच घराण्यातलं. २-६-२ वाल्यांना हळूहळू ब्रँच लाइन, रिकामे डबे आणणं-नेणं असली कामं मिळाली. तिथे ती चालून गेली कारण तिथे कुणाला घाई नव्हती.

---

मुलुंडचा_मॉडेलवाला

बापरे. म्हणजे नवीन मॅनेजर आला आणि जुन्या मॅनेजरची चूक स्वतःच्या पद्धतीने परत केली. ओळखीचं वाटतंय 😄

पण मग त्या जाड पाइपांचं काय? ती कशासाठी?

---

ठाकुर्लीकर

पाइपांचं मी सांगतो, आणि थोडी त्या इंजिनांची बाजूपण घेतो, नाहीतर सगळे मिळून बिचाऱ्यांना झोडपतायत.

ती कंडेन्सिंगची पाइप आहेत. सेंट पँक्रसच्या सबर्बन गाड्यांपैकी काही थेट मूरगेटपर्यंत जायच्या, मेट्रोपॉलिटनच्या शेजारून ज्या जादा लायनी टाकलेल्या, वाइडन्ड लाइन्स, त्यांच्यावरून. हा सगळा भाग बोगद्यांचा. तिथे धुराड्यातून भसाभस वाफ सोडली तर प्लॅटफॉर्मवरचं माणूस दिसणार नाही. म्हणून एक झडप फिरवायची, की सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ धुराड्याकडे न जाता त्या पाइपांमधून बाजूच्या टाक्यांत जाते आणि तिथल्या पाण्यात विरते. नंबर ३० हे त्यातलंच, म्हणजे ज्याने किट बनवलं त्याने अभ्यास करून बनवलंय.

आता परळ काकांनी जे सांगितलं त्याला हे जोडून बघा. स्टीम इंजिनात वापरलेली वाफ उगाच धुराड्यातून सोडत नाहीत. ती जोरात वर जाते तेव्हा मागून स्मोकबॉक्समधली हवा ओढते, स्मोकबॉक्स ट्यूबांमधून ओढतो, ट्यूबा फायरबॉक्समधून, आणि त्या ओढीवर आग पेटती राहते. जेवढं इंजिन जास्त काम करेल तेवढी आग जास्त भडकते, सगळा खेळ आपोआप. कंडेन्सिंग चालू केलं की ही ओढच गेली. आग मंदावली. त्यात टाकीतलं पाणी वाफेने तापतं, आणि इंजेक्टरला गरम पाणी आवडत नाही, एका मर्यादेपुढे तो उचलतच नाही. म्हणजे आधीच वाफेला तंग असलेलं इंजिन, त्याला श्वास कोंडून पळायला लावलंय. अशा ठिकाणी कुठलंही इंजिन घातलं असतं तरी त्याने फार दिवे लावले नसते.

तेव्हा सगळा दोष इंजिनाचा नाही, थोडा ड्यूटीचापण आहे. ऑफिसातपण असंच असतं, एखाद्याला मुद्दाम तोच टेबल देतात.

---

परळ_लोको

ठाकुर्लीकर, बोगद्याचं मान्य. पण ७० पैकी कंडेन्सिंगवाली थोडीच, बाकीची उघड्यावर पळत होती आणि तीपण रडतच होती. आणि ड्यूटी अशीच आहे हे बांधायच्या आधीच माहीत होतं ना? मूरगेटला त्यांच्या आधीही कंडेन्सिंगचीच जुनी टँक इंजिनं जात होती. त्यामुळे नव्या इंजिनाला सहानुभूती देईन, डिझाइन करणाऱ्याला नाही.

---

चाळकरी_२२

काका फॉर्मात आहेत आज

एक शंका, आपल्याकडे लोकलला पण आधी असली टँक इंजिनं होती ना? आजोबा सांगायचे त्यांच्या वडिलांनी कोळशाची लोकल बघितलीय

---

परळ_लोको

होती. जीआयपीवर (आजची मध्य रेल्वे) इलेक्ट्रिक आलं ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बरने. बीबीसीआयवर (आजची पश्चिम रेल्वे) जानेवारी १९२८ मध्ये, कुलाबा ते बोरिवली. त्याच्या आधी वाफच होती दोन्हीकडे, तुझ्या पणजोबांनी नक्कीच बघितली असणार.

आणि एक लक्षात घे, फाउलर डर्बीला हे इंजिन बांधत होता १९३० मध्ये, तेव्हा आपल्या बोरिवलीला इलेक्ट्रिक लोकल धावायला लागून दोन वर्षं झालेली! सबर्बनचं खरं उत्तर तेच होतं. मोटार प्रत्येक गाडीत अ‍ॅक्सलवर, वीज मागून पॉवर हाऊसमधून येणार, बॉयलर बरोबर घेऊन फिरायची भानगडच नाही. स्टार्टला हवा तेवढा जोर, आणि पुढच्या स्टेशनलाही तेवढाच. जो प्रश्न २-६-२ टँकला सुटला नाही तो इलेक्ट्रिकला पडतच नाही.

लंडनमध्येच त्याच्याही आधी एक प्रकार झालाय, तो भारी आहे. ग्रेट ईस्टर्न रेल्वे, लिव्हरपूल स्ट्रीटची. १९०२ च्या सुमाराला तिच्या भागात इलेक्ट्रिक रेल्वे काढायची दुसऱ्या कंपनीची तयारी चालली होती. त्यांचं म्हणणं, वाफेला ३० सेकंदात ताशी ३० मैल गाठता येत नाही, आम्ही गाठू. तर ग्रेट ईस्टर्नच्या जेम्स होल्डनने स्ट्रॅटफर्ड वर्कशॉपमध्ये एक राक्षस बांधला, डेकापॉड, ०-१०-० टँक, तीन सिलिंडर, प्रचंड बॉयलर. तीनशे टनांच्या वरची गाडी घेऊन त्याने ३० सेकंदात ३० मैल गाठून दाखवले. विरोधकांचं तोंड बंद. आणि मग ते इंजिन कधी सर्व्हिसला लागलंच नाही, कारण ते पेलायला पूल मजबूत करावे लागले असते आणि तो खर्च कोण करणार. १९०६ मध्ये त्याचं ०-८-० मालगाडीचं टेंडर इंजिन केलं, आणि १९१३ ला भंगारात.

म्हणजे बघ, वाफेवर सबर्बन नीट पळवायचं तर एवढा बॉयलर लागतो की पूल पेलत नाही, आणि पूल पेलेल एवढंच ठेवलं तर फाउलरचं २-६-२ होतं. मधली जागा फार अरुंद. ती २-६-४ वाल्यांना सापडली.

---

ठाकुर्लीकर

मधल्या जागेतही धोका होताच. सदर्न रेल्वेची रिव्हर क्लास, माँसेलची २-६-४ टँक. बॉयलर उत्तम, वाफ भरपूर, दम तर विचारूच नका. पण स्पीडला डुलायची. २४ ऑगस्ट १९२७ ला सेव्हनओक्सजवळ घसरली, पुलाला डबे आदळले, १३ माणसं गेली. नंतर तीच इंजिनं लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या मेन लाइनवर नेऊन पळवली तर ८० च्या वर स्पीडलाही नीट चालली, कारण तिकडचा ट्रॅक पक्का होता. सदर्नने मग सगळ्यांच्या टाक्या काढून २-६-० टेंडर इंजिनं केली आणि ती पुढे पस्तीसएक वर्षं मस्त चालली.

म्हणून म्हणतो, टँक इंजिन वाईट म्हणजे प्रत्येक वेळी बॉयलरच वाईट असं नाही.

---

घाटावरचा_बँकर

चांगल्या टँक इंजिनाचं उदाहरण घरचंच देतो की. माथेरान. १९०७ ची लाइन, नेरळपासून २१ किलोमीटर, दोन फुटी गेज, चढ कुठे कुठे वीसास एक. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कोप्पेलने ०-६-० टँक दिली, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वळणावर थोडं सरकता येईल अशी सोय करून, कारण तिथली वळणं तुम्हाला माहीतच आहेत. जवळजवळ ऐंशीच्या दशकापर्यंत तीच इंजिनं ओढत होती.

ट्रॅक्टिव्ह एफर्टच्या गणिताबद्दल काका म्हणाले ना, ते अशा ठिकाणी अगदी चपखल बसतं. माथेरानच्या गाडीला पळायचंच नाहीये. ताशी १०-१५ किलोमीटरला चाकं इतकी सावकाश फिरतात की सिलिंडरची मागणी बॉयलरला सहज पुरते, तिथे जोर महत्त्वाचा, टिकाव आपोआप येतो. तेच इंजिन कुर्ला-ठाणे पळवायला काढलं असतं तर दोन स्टेशनांत जीभ बाहेर आली असती. आणि मजा म्हणजे फाउलरवाल्या इंजिनाला कुणी असलं सावकाश चढाचं काम दिलं असतं तर कदाचित त्याचं नाव झालं असतं.

---

मुलुंडचा_मॉडेलवाला

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं डिटेल मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग आता माझ्या लेआउटवर याला काम काय देऊ? घरच्यांसमोर रडकं इंजिन म्हणून नाही ना दाखवता येत. आणि खऱ्यातलं एखादं कुठे जपून ठेवलंय का, फोटो बघून वेदरिंग (मॉडेल वापरून मळल्यासारखं रंगवणं) करायचं होतं.

---

परळ_लोको

एकही नाही ठेवलं. १९५९ ते ६२ मध्ये फाउलरची ७० आणि स्टॅनिअरची १३९ सगळी भंगारात गेली. वाईट याचं वाटतं की चांगलं ८२००० पण एकही उरलं नाही, ४५ बांधली होती. सेव्हर्न व्हॅलीवाले आता ८२०४५ नंबरचं नव्याने बांधतायत, पहिल्या ४५ च्या पुढचा नंबर देऊन. आयव्हॅटची मात्र चार शिल्लक आहेत. फाउलरचं नवीन कुणी बांधायला घेईल असं वाटत नाही 😀 जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत भरपूर, त्यावरून वेदरिंग कर.

काम द्यायचं तर सरळ आहे. स्मोकबॉक्सच्या दारावर शेडची प्लेट लाव १४बी, म्हणजे केंटिश टाउन, नंबर ३० शी जुळतं. १९३५ नंतरचा काळ धर. रंग काळा, लाल रेघ. मागे मरून रंगाचे नॉन-कॉरिडॉर सबर्बन डबे, तीन किंवा चार, पाचवा जोडू नकोस. बोगद्यातून बाहेर येताना दाखव, पाइपांना अर्थ येईल. टाक्यांच्या वरच्या कडेला आणि पाइपांच्या जॉइंटपाशी पांढरट चुन्यासारखे ओघळ दे, गरम पाणी सांडून सुकलं की तसंच दिसतं, आणि बंकरच्या बाजूला कोळशाची भुकटी. चकचकीत ठेवू नकोस, ही काही कुणी पुसून ठेवायची इंजिनं नव्हती.

---

चाळकरी_२२

आणि पाच मिनिटं लेट सोड

---

ठाकुर्लीकर

मॉडेलवाले, नॉन-कॉरिडॉरचे दोन डबे माझ्याकडे नुसते पडून आहेत, एकाचं कपलिंग तुटलंय पण बाकी ठीक. मरून रंगाचेच आहेत. रविवारी सकाळी दादरला येणार असशील तर मेसेज टाक, घेऊन येतो. तिसरा डबा तू शोध.

---

मुलुंडचा_मॉडेलवाला

ठाकुर्लीकर, मेसेज केलाय. सकाळी अकराच्या आधी जमेल का? नंतर मेगाब्लॉक आहे.